परक्या पडवीतली कुदळ

आंबेखारच्या बांधावरून खाडी उजव्या हाताला ठेवून चालत निघालात, की साधारण हजार पावलांवर बांध एकदम रुंद होतो. तिथपर्यंत दोन माणसांना शेजारी शेजारी चालायचं तर एकाला कडेच्या गवतात पाय घालावा लागतो. इथं मात्र बैलगाडी वळवता येईल एवढी जागा आहे. एका अंगाला खाडीचं खारं पाणी आणि तिवरं, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, तीही भरतीच्या पाण्याहून चांगली पुरुषभर खाली. या रुंद जागेला ‘धर्मीचा सांधा’ म्हणतात. नवीन माणूस इथं थांबतोच. देऊळ दिसत नाही, शेंदूर दिसत नाही, मग आवाज खाली करून विचारतो, “इथं कुणाला पुरलंय का हो?”

नाही हो बाबांनो, कुणाला पुरलेलं नाही. प्रत्येक जुन्या बांधाखाली एखादी बाळंतीण नाहीतर थोरली सून असलीच पाहिजे, हे शहरातल्या लोकांच्या डोक्यात कोण भरवतं देव जाणे. हाडं बघायला आला असाल तर तुमचा हेलपाटा फुकट गेला. पण आल्यासारखं गावातून एक चक्कर मारून या. आता पावसाळा आहे, प्रत्येक पडवीत आढ्याला एक कुदळ टांगलेली दिसेल. तिच्या दांड्यावरची डागून केलेली खूण नीट बघा. ती त्या घराची नसते. आंबेखारच्या पडवीत जुईपाड्याची कुदळ आणि जुईपाड्याच्या पडवीत आंबेखारची. पावसाळ्याचे चार महिने या दोन गावांत स्वतःची कुदळ स्वतःच्या घरी ठेवलेला माणूस औषधाला मिळायचा नाही. चोरीचा माल नव्हे तो. का, ते सांगतो. बसा, भरतीला अजून वेळ आहे.

गोष्ट जुनी आहे. किती जुनी, ते विचारू नका. आमच्या आज्याला त्याच्या आज्याने सांगितली, आणि त्यालाही ती जुनीच म्हणून मिळाली होती. तेव्हाही बांध हाच होता आणि गावंही हीच दोन. बांधाची अर्धी लांबी आंबेखारने राखायची, अर्धी जुईपाड्याने, आणि मधोमध हद्दीचा धोंडा. दर वैशाखात, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती अंग चोरून येते तेव्हा, दोन्ही गावं चिखल घालून बांध पक्का करायची. आंबेखारवाले इकडून धोंड्यापर्यंत यायचे आणि हात धुवायचे. जुईपाडेवाले तिकडून धोंड्यापर्यंत यायचे आणि हात धुवायचे. चुकून कुणाची टोपली धोंड्यापलीकडे सांडली, तर तो घरी जाऊन शिव्या खायचा. आपली माती परक्याला वाटत फिरतोस काय म्हणून.

मग व्हायचं तेच झालं. एका श्रावणात उधाणाच्या भरतीला बांध बरोबर धोंड्यापाशी फुटला आणि खाडी शेतात शिरली. खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं, की तीन पावसाळे धुतल्याशिवाय तिथं भात धरत नाही. लोकांनी रडतरडत खांड बुजवली. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी खांड. तीन पावसाळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता एकाच जागी दोनदा फुटलं म्हटल्यावर माणसाच्या मनात काय येईल? आंबेखार म्हणालं, जुईपाड्याने फोडला. जुईपाडा म्हणाला, आंबेखारने फोडला. दोघांनी राखणीला माणसं बसवली. राखणदार म्हणजे रिकाम्या हाताने थोडाच जाणार? पाझर दिसला तर बुजवायला कुदळ हवी, म्हणून सगळे खांद्यावर कुदळ टाकून जायचे. आंबेखारच्या राखणदारांनी पलीकडे माणसं पाहिली, हातात कुदळी. जुईपाड्याच्या राखणदारांनी अलीकडे माणसं पाहिली, हातात कुदळी. दोघांनी आपापल्या गावात येऊन देवाच्या पायावर हात ठेवून सांगितलं, की आम्ही डोळ्यांनी पाहिलं, ते बांध खणायला आले होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

त्या दिवसापासून दोन्ही गावांतलं येणंजाणं बंद झालं. लग्नं मोडली. एका गावच्या होडीला दुसरं गाव दोर धरीना. त्यात कुठल्याशा भगताने अंगात आणून सांगितलं, की बांध डोकं मागतोय. झालं, आयाबायांनी पोरं घरात कोंडली. तिकडचे लोक आपलं पोर उचलून नेतील ही धास्ती इकडे, आणि इकडचे नेतील ही तिकडे.

याच आंबेखारात धर्मी राहायची. जोमाची बायको. तिचं शेत बांधाला लागून सगळ्यांत शेवटचं, धोंड्याच्या अगदी अलीकडे. ते काही तिला सासऱ्याकडून आयतं मिळालं नव्हतं. लग्नानंतरची सात वर्षं तिने आणि जोमाने गुडघाभर चिखलात उभं राहून तिवरं तोडली, तेव्हा कुठे ते तुकडं भाताखाली आलं. दुसरी खांड पडल्यावर मात्र घरात दाणा उरला नाही आणि जोमा खाडीपलीकडे मिठागरावर कामाला गेला. जाताना म्हणाला, “शेत गोडं झालं का सांगावा धाड, मी आलोच समज. आणि नायच झालं, तर तू ये तिकडं. मिठावर तरी दोघं मिळून जगू.”

धर्मीने मान हलवली खरी, पण मिठागरावर जायचं तिच्या मनात नव्हतं. तिकडे गेलेलं माणूस परत शेताला येत नाही हे तिने पाहिलं होतं. पाय मिठाने फुटतात आणि जीवही त्याला सरावतो. तिला आपला माणूस आपल्या घरी हवा होता, आपल्या तांदळाच्या भाकरीवर. बाकी काही तिने कुणाकडे मागितलं नव्हतं. आणि आंबेखारच्या पदू पाटलाने तर चावडीवर सांगूनच टाकलं, “यंदा अखेरचं वरीस. यंदा बांध टिकला नाय, तर गाव उठवायचं.”

ओहोटीच्या वेळी धर्मी धोंड्यापाशी जाऊन बसायची. लोक म्हणत, नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय. ती मात्र बांध बघत असायची, असं सांगतात. बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की धोंड्याच्या दोन्ही अंगांना वीतवीतभर माती भुसभुशीत आहे. कशी नसेल? चिखल घातला की तो पायाने तुडवावा लागतो, टाच रोवून, पुन्हा पुन्हा. पण धोंड्याजवळ आलं की जो तो पाय आखडून घ्यायचा, हद्दीपलीकडे पाऊल पडलं तर भांडण नको म्हणून. इकडची माती इकडे दाबलेली, तिकडची तिकडे, आणि मधल्या पट्टीवर आजवर कुणाचाच पाय पडलेला नाही. खाडीला काय, तेवढी फट पुरे.

“अगं बाई,” धर्मी स्वतःशीच म्हणाली, “फोडला कुणीच नाय. आमी तो कधी जोडलाच नाय!”

पण हे सांगायचं कुणाला? आंबेखारात सांगावं तर म्हणतील, जुईपाड्याची बाजू घेते. जुईपाड्यात सांगावं तर तिथं पाऊल कोण ठेवू देतंय. धर्मी तशी बोलण्यापेक्षा हात चालवणारी बाई. तिने वैशाखातल्या एका सकाळी आपल्या शेतातली चांगली चिकण माती टोपलीत भरली, कुदळ घेतली, धोंडा ओलांडला आणि जुईपाड्याच्या बाजूच्या मातीशी ती जोडायला लागली. आपली माती त्यांच्या बाजूला आपल्या हाताने घातली, तर त्यांना कळेल आपलं मन साफ आहे, असा तिचा सरळ हिशेब.

पलीकडचं शेवटचं शेत चांगूचं. जुईपाड्यातला नावाजलेला माणूस, आवाज असा की खाडीपार ऐकू जावा. त्याने शेतातून मान वर केली, तर आंबेखारची बाई आपल्या हद्दीत, हातात कुदळ, आणि बांधावर घाव घालतेय. त्याने जी बोंब ठोकली, तिने अख्खा जुईपाडा गोळा झाला. “बांध फोडते! दिवसाढवळ्या बांध फोडते!” कुणी तिची टोपली लाथाडली, कुणी दगड उचलला. एका म्हातारीने मध्ये पडून तिला मागे ढकललं म्हणून ती धडपणी घरी पोचली.

घरी येऊन ती रागाने रडली. आपल्या शेतातली माती नेऊन घातली आणि वर आपणच चोर! दुपारी चुलीपुढे बसून दातओठ खाता खाता तिच्या मनात आलं, की चांगू जर असाच माझ्या हद्दीत कुदळ घेऊन उभा दिसला असता तर मी काय केलं असतं? ती खरं बोलणारी बाई होती. तिने स्वतःला खरंच उत्तर दिलं. मी आधी दगड मारला असता, मग विचारलं असतं.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या कुदळीकडे गेली. सगळा घोळ हिचा. ही हातात आहे तोवर मी माती घालतेय की बांध खणतेय, हे लांबून कुणालाच कळायचं नाही. आणि लांबून बघण्याखेरीज ही दोन गावं आता दुसरं काही करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, धर्मी कुदळ आडवी दोन्ही हातांवर घेऊन जुईपाड्यात शिरली. लेकरू घेऊन जावं तशी. लोक दारात आले. कुणाच्या हातात कोयता होता, पण तिच्या चालण्याकडे बघून कुणी पुढे झालं नाही. चांगूच्या अंगणात जाऊन ती उभी राहिली.

“चांगूदादूस, ही माज्या घोवाची कुदळ. घरात दुसरी नाय, येऊन बघ पायजे तर. पावसाळाभर तुज्याकडं ठेव. बांध फुटला तर तो माज्या कुदळीनं फुटला नाय, एवढं तरी तुला कळेल.”

चांगूने उलट विचारलं, “आनि तुजी बाजू गळायला लागली, तर काय नखानं माती काढशील?”

“तवा तुला हाक मारीन,” धर्मी म्हणाली, आणि दांडा त्याच्याकडे करून तिने हात पुढे केले.

त्याने कुदळ घेतली नाही. तिने ती अंगणात ठेवली आणि मागे न बघता चालू लागली. आंबेखारात येते तर पदू पाटील वाटेतच उभा. “शत्रूच्या घरात हत्यार देऊन आलीस होय गं? अक्कल मिठागरावर पाठवलीस काय नवऱ्याबरोबर?” तो बोल तिला फार लागला. पण ती एवढंच म्हणाली, “पाटील, शत्रू हाय का नाय ते आता कळेलच की.” आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. बाई धीराची होती, पण तिलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही, असं सांगतात.

इकडे जुईपाड्यात चांगूच्या अंगणात ती कुदळ तशीच पडून. तिला हात लावायची कुणाची छाती होईना. मंतरलेली असेल! भगताला बोलावलं. त्याने तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, नारळ घेतला, आणि नीट बघून सांगतो म्हणून निघून गेला. दोन दिवस कोंबड्या तिच्यावर बसल्या, त्यांना काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी चांगूच उठला. पण त्याने आधी आपली स्वतःची कुदळ खांद्यावर घेतली आणि तडक आंबेखारचा रस्ता धरला. लोकांना वाटलं, आता मुडदा पडतो.

धर्मीच्या दारात येऊन त्याने कुदळ खाली टेकवली. पुरुष माणूस, गावात वजन असलेला, पण पायरीखालीच उभा राहून बोलला म्हणे.

“तुजी कुदळ माज्या अंगणात. सगळ्या मुलखाला ठावं. उद्या बांध फुटला तर तुज्यावर कोण बोट दाखवणार? कुणीच नाय. फोडणारा म्हणून मीच एकटा उरलो! दोन दिस झोप नाय मला. ही घे माजी, आनि मला सोडव.”

धर्मीला हसू आलं, खूप दिवसांनी. तिने कुदळ घेतली, त्याला ओटीवर बसवलं आणि गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवलं. जुईपाड्याचा माणूस आंबेखारचं पाणी प्याला, ही बातमी त्या दिवशी भरतीच्याही आधी दोन्ही गावांत पोचली.

आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. चांगूचा न्याय चांगूपुरता थोडाच राहणार? त्याचा शेजारी विचार करू लागला, की चांगूकडे त्याची कुदळ नाही, माझ्याकडे माझी आहे, म्हणजे बघणारे आता माझ्याकडे बघणार. तो उठला आणि आंबेखारात जाऊन आपली देऊन आला. ज्याला दिली, त्याला रिकामं बसवेना. तो जुईपाड्यात आपली टाकून आला. पंधरा दिवसांत दोन्ही गावांच्या प्रत्येकी चाळीस-पन्नास कुदळी इकडच्या तिकडे झाल्या. राहिला एकटा पदू पाटील. त्याची पितळी कड्याची कुदळ घरीच होती. येणारा-जाणारा पडवीत डोकावायचा, नुसता डोकावून जायचा. चार दिवस पाटलाने दम काढला. पाचव्या दिवशी नाक मुरडत तोही देऊन आला.

लगेच भांगाचे दिवस आले. आता आंबेखारला आपली बाजू बांधायची तर कुदळ जुईपाड्यात, आणि जुईपाड्याला बांधायची तर आंबेखारात. दोघांनाही एकदमच बांधावर यावं लागलं आणि परक्याच्या कुदळीने खणावं लागलं. धोंड्यापाशी येऊन सवयीने सगळ्यांचे पाय थबकले. धर्मी पुढे झाली. “हा आधी उपटा,” ती म्हणाली. पदू पाटील काही बोलणार तोवर चांगूने धोंड्याला मिठीच मारली. दहा जण लागले. धोंडा उपटून त्याच जागी आडवा गाडला आणि त्यावर चिखल घातला. मग दोन्ही गावची माणसं, बायाबाप्ये, एकमेकांचे खांदे धरून त्या चिखलात दिवसभर नाचली म्हणा की. कुणाची टाच कुठे पडतेय ते कुणी पाहिलं नाही. घालता घालता माती इतकी झाली, की बांध तिथं ही अशी रुंदी घेऊन बसला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मातीवर पाय देणं सोपं, मनाचं काय? गुण्यागोविंदाने कुदळी दिल्या खऱ्या, पण प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकत होतीच. आषाढातली अवस आली. अवसेची भरती भर दुपारी चढते, त्यात वरून पाऊस आणि पश्चिमेचा वारा. पाणी बांधाच्या काठाला हातभर कमी. सांधा दगडासारखा उभा होता. पण तिथून दोनशे पावलांवर, आंबेखारच्या बाजूला, खेकड्याने बीळ पाडलेलं. त्यातून आतल्या उतारावर पाणी बुडबुडायला लागलं. आधी करंगळीएवढं, बघता बघता मनगटाएवढं.

आंबेखारची माणसं धावली. कुणी परात आणली, कुणी सूप. पण पाऊस पिऊन बसलेली चिकण माती परातीने थोडीच निघते? तिला कुदळच लागते, आणि आंबेखारात आंबेखारची एक कुदळ नव्हती. ज्या परक्या होत्या, त्यांना भांगाचं काम झाल्यावर कुणी हात लावायचा नाही असं ठरलेलं, म्हणून त्या घरोघर वर बांधून ठेवलेल्या. त्या सोडवून आणेपर्यंत वेळ जाणार. पदू पाटील कपाळावर हात मारून ओरडला, “बघा! बघा हिच्या शहाणपणाचं फळ! अख्ख्या गावाचे हात तोडून दिले हिने!”

 धर्मी सांध्याच्या दिशेने धावत सुटली आणि तिथं उभी राहून जुईपाड्याच्या अंगाला तोंड करून हाका मारायला लागली. वारा उलटा. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येईना. तिने डोक्यावरचा पदर सोडला, उंच धरला आणि हलवत राहिली.

आणि मग पावसाच्या पडद्याआडून तिला दिसलं. बांधावरून माणसं धावत येत होती. चाळीस तरी असतील. प्रत्येकाच्या खांद्यावर कुदळ.

खरं सांगायचं तर त्या घटकेला धर्मीच्याही मनात नको ते आलं. आपल्या गावची झाडून सगळी हत्यारं त्या चाळीस जणांच्या हातात, आणि आपलं गाव उघड्या हाताने त्यांच्यापुढे. ते वाईट मनाने आले असतील, तर बांध राहणार नाही, शेत राहणार नाही, जोमाला धाडायला सांगावा राहणार नाही. आणि हे सगळं आपण आपल्या हाताने करून ठेवलंय. मागे आंबेखारच्या लोकांनी दगड उचलले, तिला आवाज आला. पदू पाटील ओरडत होता, “धर्मे, माघारी फिर!”

ती फिरली नाही. दोन्ही बाजूंच्या मधे, बांधाच्या बरोबर मधोमध, ती उभी राहिली आणि रिकामे तळवे वर करून तिने हात पुढे केले. दगड मारायचा तर आधी तिला लागला असता. कुदळ घालायची तर आधी तिच्यावर पडली असती.

सगळ्यांत पुढे चांगू. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तो तिच्यापासून दोन पावलांवर थांबला, खांद्यावरची कुदळ उतरवली, हातात गरकन फिरवली. पातं स्वतःच्या पोटाकडे, दांडा तिच्याकडे.

“घे,” तो धापा टाकत म्हणाला. “हाक ऐकू नाय आली. पदर दिसला.”

त्याच्या मागे चाळीस जणांनी तसंच केलं. पातं आपल्याकडे, दांडा समोरच्याकडे. आंबेखारवाल्यांच्या हातातले दगड खाली पडले, आणि ज्याची त्याची कुदळ ज्याच्या त्याच्या हातात आली. भरती चढताना बघूनच जुईपाड्याने कुदळी सोडून ठेवल्या होत्या म्हणे. बोलायला वेळ नव्हता. आंबेखारने माती खणली, जुईपाड्याने ती हातोहात पुढे दिली, आणि चांगू स्वतः त्या भोकात पाठ लावून बसला, मातीचा थर अंगावर चढेपर्यंत. गळ्यापर्यंत चिखल आला तेव्हा चौघांनी त्याला बगलेत धरून उपसून काढला. त्याला वर ओढणाऱ्यांत पदू पाटील होता. पाटील रडत होता, आणि पाऊस आहे म्हणून ते लपलं असं त्याला वाटत होतं, असं आमचे म्हातारे हसून सांगायचे.

बांध टिकला. त्या वर्षी टिकला, पुढच्या वर्षी टिकला. दर वैशाखात कुदळी इकडच्या तिकडे जात राहिल्या. तीन पावसाळ्यांनी जमीन धुऊन काढली. चौथ्या वर्षी धर्मीने रात्याचं बी टाकलं, लाल दाण्याचं भात, खाऱ्या मातीतही थोडाफार तग धरणारं. टाकलं आणि रोज सकाळी जाऊन माती चाखून पाहायची. शेजारणी हसायच्या. दसऱ्याला लोंब्या भरल्या, जड होऊन वाकल्या. पहिली मूठभर सोलून तिने दाणा चावला, आणि त्या चिखलात मटकन खाली बसली. शेत गोडं झालं होतं.

आता मिठागरावर सांगावा धाडायचा. चांगू म्हणाला, “होडी माजी हाय, मीच जातो.” आणि जाताना त्याने आपल्या आढ्याला टांगलेली जोमाची कुदळ काढून बरोबर घेतली.

जोमा मिठाच्या वाफ्यात उभा होता. त्याने मान वर केली, तर जुईपाड्याचा चांगू होडीतून उतरतोय आणि त्याच्या खांद्यावर आपली कुदळ. आपल्या हाताने तासलेला दांडा, तो का ओळखणार नाही? या चार वर्षांत गावाकडून तिकडे कुणी गेलं नव्हतं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या मनात एकच आलं. घर लुटलं, बायको मारली, आणि आता हा माझ्याकडे आलाय. त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं. पळावं की अंगावर जावं, हेही त्याला सुचेना.

चांगू वाफ्याच्या कडेला आला. कुदळ फिरवली. दांडा जोमाच्या हातात दिला, पातं स्वतःच्या पोटाला लावून धरलं, आणि म्हणाला, “पावणं, शेत कापायला आलंय. बायको म्हणते, चल घरी.”

जोमाला ते समजायला बराच वेळ लागला म्हणे. समजलं तेव्हा तो त्या फुटक्या पायांनी मिठातच उभा राहून लहान पोरासारखा रडला, आणि चांगूने त्याला हाताला धरून होडीत बसवलं.

तेव्हापासूनची ही रीत. आजही वैशाखातल्या भांगाला जुईपाड्याची आणि आंबेखारची घरं एकमेकांच्या दारात जातात, आणि दांडा समोरच्याकडे करूनच कुदळ देतात. आता बांधावर यंत्र येतं, डंपर येतात, पण म्हणून कुणाची कुदळ घरी राहिली असं झालेलं नाही. कुठल्या घराची कुठल्या घरी जायची, हे दोन्ही गावचे चार म्हातारे बसून ठरवतात. तिथं एकच नियम पाळतात. ज्या दोन घरांत वाकडं असेल, त्यांचीच जोडी लावायची. सोयरेधायरे, जिवाभावाचे, हे एकमेकांत देऊन काय उपयोग?

तुम्ही येताना त्या निळ्या घरापाशी पाणी प्यालात ना? त्या घराचा आणि जुईपाड्यातल्या एका घराचा जमिनीवरून दावा चालू आहे. अकरा वर्षं झाली, दोघांत शब्द नाही. पण अकराही वर्षं, ठरल्या दिवशी, एक जण दुसऱ्याच्या दारात येतो, पातं आपल्या पोटाकडे धरून दांडा पुढे करतो. दुसरा तो घेतो, पाण्याचा तांब्या देतो. पाणी पिऊन माणूस निघून जातो. अजून बोलत नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील. बांध उभा आहे.